हबक्कूकाचा कोपरा

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे या, कारण ही गोष्ट ओरडून सांगायची नाही, चहाचा पेला हातात धरून सांगायची आहे. तिच्यात राजा नाही, लढाई नाही. एक म्हातारा आहे, त्याची लेक आहे, आणि हातभर लांबीचं, दोरीसारखं वळणारं एक जनावर आहे. त्या जनावराला दोन मोठ्या माणसांनी एक लहानशी गोष्ट शिकवायला घेतली: पोट मोकळं करायचं ते ठरल्या जागी. हसताय? हसा. देवाने हसू दिलंय ते वापरायलाच. पण शेवटपर्यंत ऐका, उठाल तेव्हा मन हलकं झालेलं असेल, एवढा शब्द देतो.

वेल्समधल्या ब्लाएनहेली गावात, डोंगराच्या पायथ्याच्या ओळीतल्या घरांत, मोर्विदचं घर लांबून ओळखू यायचं. तिच्या उंबऱ्याचा दगड शेजाऱ्यांच्या दगडांपेक्षा एक छटा पांढरा होता. कोळशाची खाण चालू होती तेव्हा अख्खं खोरं काळं असायचं, आणि त्या काळेपणाशी बायका बादली आणि ब्रश घेऊन जन्मभर भांडल्या. खाण बंद झाली, काळेपण गेलं, पण मोर्विदचं भांडण काही थांबलं नव्हतं. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. रविवारी सियोन चॅपलमध्ये खालच्या पट्टीत गाणारी. मायेची बाई, पण हातातलं फडकं कधी सुटलं नाही.

आणि त्या घरातली पुढची खोली! तिथल्या प्रत्येक घरात अशी एक खोली असते. काचेच्या कपाटात आईची फुलांची कपबशी, भिंतीला पायपेटीसारखा उभा हार्मोनियम, खिडकीला जाळीचा पडदा. त्या खोलीत रोजचं माणूस बसत नाही. दोघांसाठीच तिचं दार उघडतं: पाळक आणि शवपेटी. एक पायांनी येतो, दुसरी खांद्यांवरून.

मोर्विदचे वडील इल्टिड वरच्या आळीत राहायचे, डोंगराच्या कडेला, एकटे. तिकडे वडिलांना दादा म्हणतात. दादांच्या छातीत खाणीतली धूळ बसलेली. चार पावलं चढले की पाचव्याला भिंत धरायची. डॉक्टरांनी मोर्विदला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्या ओलसर घरात आणखी एक हिवाळा त्यांना झेपायचा नाही." तिने महिनाभर विनवण्या केल्या. दादा शेवटी म्हणाले, "येतो. पण हबक्कूक माझ्याबरोबर येणार."

हबक्कूक म्हणजे त्यांचं फेरेट. मुंगसाचा एखादा गोरा, गुलाबी नाकाचा चुलतभाऊ असावा, तसं दिसतं हे जनावर. सशांच्या बिळात सोडायचं, आतून ससे बाहेर पळतात, तोंडाशी जाळी लावलेली असते. त्या खोऱ्यातल्या खाणकामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या फेरेटं पाळली. दादांनी आपल्या फेरेटांना बायबलातल्या, भविष्य सांगणाऱ्या बारा लहान संदेष्ट्यांची नावं ओळीने दिली होती. पहिला होशेय, मग योएल, मग आमोस. योना एकदा बिळात शिरला तो तीन दिवस बाहेरच आला नाही, आणि आला तो गुबगुबीत होऊन. बायबलातला योनाही तीन दिवस माशाच्या पोटात राहून परतला होता, म्हणून गावात कोणाला नवल वाटलं नाही. नाव ठेवलं तसा वागला, म्हणाले. हबक्कूक हा आठवा. मोर्विदची आई गेली त्या वर्षी आलेला. आईच्या रिकाम्या उशीशेजारी जो हिवाळा दादांनी काढला, त्यात बोलायला हाच होता.

मोर्विदने त्याचं खुराडं मागच्या शेडमध्ये ठेवलं. फेरेट शेडमध्येच असतं, ही जगाची रीत. ती चुकली असं कोणी म्हणणार नाही.

संध्याकाळी ताटं वाढली तर दादा घरात नाहीत. बाहेर झिमझिम पाऊस. ती शेडकडे गेली, तर दादा उलट्या बादलीवर बसलेले, कोटाचं वरचं बटण उघडं, आणि त्यातून एक गुलाबी नाक बाहेर. दादा खोकत होते.

"दादा, आत या."

"दोघं येऊ का एक?"

"दादा, तुम्हाला ताप येईल."

"ते विचारलं नाही मी. दोघं का एक?"

मोर्विदने पावसाकडे पाहिलं, दादांच्या निळसर ओठांकडे पाहिलं. "दोघं या," ती म्हणाली. "पण माझ्या घरात घाण चालायची नाही. त्याने एका जागी जायला शिकायचं."

दादा उठले. मानी माणूस, लेकीचं उपकाराचं ताट त्यांच्या घशाखाली सहज उतरणारं नव्हतं. "शिकेल," ते म्हणाले. "मोठ्या सभांपर्यंत शिकेल. नाही शिकला, तर सभा झाल्या की मी त्याला घेऊन माझ्या घरी वर जाईन. तुझ्या घरावर ओझं टाकणार नाही. हा शब्द."

दादांचा शब्द म्हणजे लोखंडी खिळा, ठोकला की ठोकला. आणि सियोनच्या मोठ्या सभा आल्या होत्या तोंडावर. बाहेरगावचे नावाजलेले प्रवचनकार यायचे, आणि यंदा त्यांच्या चहाचा मान मोर्विदच्या पुढच्या खोलीला होता. सभा संपल्या की हिवाळा.  एका जनावराच्या पोटावर आता तिच्या बापाचा जीव टांगला होता.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरली. भट्टीत मांस भाजायचा जुना पत्र्याचा ट्रे मोर्विदने काढला, दादांनी त्याची एक बाजू हातोडीने ठोकून बुटकी केली, म्हणजे आखूड पायांना चढायला सोपं. आत घालायला फाडलेला कागद हवा. मोर्विदने रद्दी उपसली.

"हे चॅपलचं साप्ताहिक आहे," तिने एक गठ्ठा बाजूला केला. "देवाचं नाव छापलेला कागद मी त्या कामाला देणार नाही."

"मग रग्बीचं पान घे."

"चालेल तुम्हाला?"

"आधी बघ, आपण जिंकलोय का हरलोय. हरलो असू तर फाड."

त्या वर्षी कागदाची ददात पडली नाही.

ट्रे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसला. हबक्कूक जागा झाला की ताणून आळस द्यायचा, इतकी मोठी जांभई द्यायचा की त्याचं सगळं डोकं तोंडातच मावेल असं वाटावं, आणि मग लगेच त्याला जायचं असायचं. तेवढ्यात दादा त्याला उचलून ट्रेमध्ये ठेवत. काम झालं की उकडलेल्या अंड्याचा एक कण. काम झालं की तो कमान करून आडवा-आडवा उड्या मारायचा, कोंबडीसारखा कुकुकु करत, खुर्चीच्या पायावर आपटायचा, पुन्हा उठून नाचायचा. मोर्विदला पहिल्यांदा वाटलं, त्याला झटका आला.

"झटका नाही गं," दादा म्हणाले. "आनंद झालाय त्याला. तुला झाला की तू काय करतेस?"

"फडकं पिळते."

"तेच. तो नाचतो."

पण जनावर हुशार होतं, आणि हुशारी ही शिक्षणाची शत्रू. अंडं कधी मिळतं हे त्याने हेरलं. तो आपणहून ट्रेमध्ये चढायचा, मागे सरायचा, शेपूट उचलून डोळे बारीक करायचा, आणि काहीही न करता खाली उतरून दादांच्या बुटापाशी उभा राहायचा. अंडं द्या. दादा द्यायचे. अंडं खाऊन तो कपाटामागे जायचा आणि तिथे खरं काम उरकायचा.

"परूशी!" मोर्विद ओरडली. "दादा, हा परूशी आहे, बायबलातला ढोंगी! चारचौघांत उपास आणि माजघरात फराळ!"

दादा हसता हसता खोकले, खोकता खोकता हसले. मोर्विदला त्यांच्या हसण्यावर राग धरता येईना. किती वर्षांनी ऐकत होती ती.

पण दिवस जात होते. कपाटामागे झालं, कोळशाच्या डब्यामागे झालं, जिन्याखाली झालं, एकदा दादांच्या डाव्या बुटात झालं. आणि मोर्विद काय करत होती? जे तिला येत होतं तेच. ट्रेमध्ये चुकून एखादा थेंब पडला की ट्रे उचलायचा, कागद जाळायचा, उकळतं पाणी ओतायचं, कार्बोलिक साबणाने घासायचं, पुन्हा पाणी, आणि विस्तवापुढे वाळवायचं. त्या ट्रेमध्ये तुम्ही-आम्ही जेवलो असतो. जितका तो लखलखायचा, तितका हबक्कूक त्याच्यापासून लांब जायचा. जितका तो लांब जायचा, तितकी ती जोर लावून घासायची.

शेजारीण कैन्वेन भिंतीवरून डोकवायची. तोंडाने तिखट, पण मनाने लोणी.

"काय गं, तुमचा संदेष्टा काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही. मागे ठेवून जातो."

"भविष्य असेल ते. नीट वाचायचं." कैन्वेनने कोपर भिंतीवर टेकले. "आमच्या धाकट्याला मी भांड्यावर बसवून नळ सोडून ठेवायचे. आवाजाने व्हायचं."

"हे फेरेट आहे, कैन्वेन."

"आमचा धाकटा याहून वाईट होता."

मोर्विदने नळ सोडूनही पाहिला. हबक्कूक मोरीत उतरून पाण्याशी खेळला, ओल्या पायांनी जिन्याखाली गेला.

त्याच आठवड्यात तिने दादांचा कोट धुतला. टोपी धुतली, मफलर धुतला, तंबाखूचा डबा घासून उन्हात पालथा घातला. दादा सकाळी खुंटीपाशी उभे राहिले, कोट अंगात घातला, बाही नाकाशी नेली.

"बरा आहे," ते म्हणाले. "कोणाचा आहे?"

"असं काय करता! तुमचाच आहे."

"हो का?" दादांनी बटणं लावली. "मला वाटलं, एखाद्या बँकेतल्या माणसाचा."

तिने ते थट्टेवारी नेलं. कामं पडली होती.

सभांच्या आधीच्या गुरुवारी ती पुढच्या खोलीत हार्मोनियम पुसायला गेली, आणि दारातच तिचे पाय थबकले. हार्मोनियमच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, तिच्या आईच्या गालिच्याच्या काठावर हबक्कूकाने आपली मुद्रा उमटवली होती. दाराखालच्या फटीतून घुसला होता गुलाम. एकदा नाही, बऱ्याचदा. ती खोली गावात सगळ्यांत शांत होती ना, त्याला ती पसंत पडली होती.

मोर्विद खाली बसली आणि रडली. गालिच्यासाठी नाही. तीन दिवस राहिले होते आणि दादांचं गाठोडं तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. दादा दारात आले, सगळं पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "जाऊ दे पोरी. तू खूप केलंस. म्हाताऱ्या कुत्र्याला आणि म्हाताऱ्या बापाला नवीन घर शिकवता येत नाही."

"तो कुत्रा नाहीये, दादा," ती नाक पुसत म्हणाली. "आणि अजून रविवार आलेला नाही."

शुक्रवारी गाण्याची तालीम होती. तालीम संपायची कधी? वरच्या पट्टीतल्या पुरुषांना एक कडवं इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा धरलं, आणि पुन्हा धरलं, आणि बायकांनी त्यांना तसं सोडलं असतं तर नाक कापलं गेलं असतं, म्हणून त्यांनीही धरलं. मोर्विद घरी आली ती कानात गाणं आणि डोक्यात पीठ घेऊन. पाळकांसाठी मनुकांचा पाव भाजायचा होता, तव्यावरच्या गोड चकत्या करायच्या होत्या. दादांनी सांगितलं, हबक्कूक जागा झाल्या झाल्या त्यांनी त्याला ट्रेमध्ये धरून बसवलं आणि काम फत्ते झालं. "घासते नंतर," ती म्हणाली, आणि लोणी फेसायला लागली. नंतर म्हणजे कधी? पाव भट्टीतून निघाला, तिने एप्रन काढला आणि ती झोपायला गेली. जन्मात पहिल्यांदा एक घाण भांडं तिच्या घरात तसंच राहिलं.

सकाळी ती स्वयंपाकघरात आली. हबक्कूक नुकताच उठला होता. ताणला, जांभई दिली. ती त्याला उचलायला वाकणार, तोच तो तिच्या पायावरून चालत गेला. कपाटाकडे नाही. ट्रेकडे. काठाशी नाक लावलं, कागद हुंगला, पुन्हा हुंगला. मग वळला, ट्रक मागे घेतात तसा मागे मागे सरकत कोपऱ्यात टेकला, शेपूट वर केली, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने आपलं काम केलं. अंड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उतरला आणि नाचायला लागला.

"दादा!" मोर्विद कुजबुजली. कुजबुज इतकी मोठी होती की दादा नुसत्या मोज्यांवर धावत आले.

"काय झालं?"

"गेला. आपणहून गेला."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. मी काल धुतला नाही, एवढंच."

दादांनी ट्रेमध्ये पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि डोक्यावर हात मारला. "अगं, वरती त्याचं खुराडं मी शनिवारी झाडायचो! तेही वरवर. आधीच्यांच्या वेळेपासून तुझी आई म्हणायची आळशी. तिथे तो कधी कोपरा चुकला नाही. मला वाटायचं, शहाणा आहे. त्याला वास लागतो, मोर्वी! वास आला तर त्याला कळतं, ही माझी जागा. तू रोज—"

"मी रोज त्याच्या दाराची पाटी पुसत होते," मोर्विद म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग जी हसत सुटली, ती कैन्वेन भिंतीवरून विचारेपर्यंत थांबली नाहीत. "कोण मेलं का जन्मलं?" ती विचारत होती.

पण देवाची करणी पाहा. दादा हसत मागच्या दारी गेले आणि मोर्विद उठून भांड्याला लागणार, तर तिची नजर खुंटीवर गेली. तिथे दादांचा कोट होता. तिने तो नाकाशी धरला. साबणाचा वास आला, लव्हेंडरचा आला. दादांचा मात्र कुठेच नव्हता. तंबाखू नाही, ओली माती नाही, फेरेट नाही. तिने कोट परत खुंटीला लावला.

मग तिने कैन्वेनला हाक मारली आणि तिच्या नवऱ्याची हातगाडी मागितली. दोघी बायका डोंगर चढून वरच्या आळीत गेल्या आणि दादांची खुर्ची गाडीवर घालून आणली. हातांवर जळक्या तंबाखूचे डाग, बैठकीला खळगा, आणि वास असा की कैन्वेन म्हणाली, "ही खुर्ची एकटीच चालत आली असती गं, आपण उगाच ढकलली." मोर्विदने ती पुसली नाही. पुढच्या खोलीचं दार उघडलं आणि खुर्ची हार्मोनियमशेजारी ठेवली. तिच्यामागे, हबक्कूकाने निवडलेल्या त्याच कोपऱ्यात, दुसरा ट्रे ठेवला आणि त्यात कालच्या कागदाचा एक तुकडा टाकला, ओळखीपुरता.

दादा दारात उभे. "ही इथे? पाळकांच्या खोलीत?"

"पाळक तासभर येतात, दादा. तुम्ही रोज आहात."

दादा आत आले. खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. मग घसा साफ करून म्हणाले, "उद्याचं उद्या बघू. शब्द सभांपर्यंतचा आहे."

रविवार उजाडला. रेव्हरंड टेग्विन प्रॉसर दुपारची सभा करून चहाला आले. दाराएवढा माणूस, आवाज असा की नुसतं 'कसे आहात' म्हणाले तरी काचेच्या कपाटातल्या बशा किणकिणल्या. खुंटीवर दादांचा कोट होता, म्हणून त्यांनी आपली काळी टोपी काढून उताणी करून जमिनीवर ठेवली. नेमकी कुठे? हार्मोनियमशेजारी, कोपऱ्यातल्या ट्रेच्या अगदी लगत.

मोर्विदने चहा ओतला. कैन्वेन पाव कापत होती. दादा आपल्या खुर्चीत, आणि दादांच्या बाहीत हबक्कूक झोपलेला. पाळक खाणीच्या दिवसांबद्दल विचारत होते, दादा सांगत होते, सगळं छान चाललं होतं. आणि बाही हलली.

गुलाबी नाक बाहेर आलं. मग जांभई. दादांनी मोर्विदकडे पाहिलं. या घरात सगळ्यांना आता माहीत होतं की या जांभईनंतर फार वेळ मिळत नाही.

हबक्कूक खुर्चीवरून उतरला आणि कोपऱ्याकडे चालू लागला. पाळक बोलायचे थांबले. कैन्वेनची सुरी पावातच राहिली. कोपऱ्यात दोन भांडी होती, दोन्ही उघडी, दोन्ही त्याच्या मापाची. तो टोपीपाशी थांबला. टोपी हुंगली. चांगली वाटली असावी, पुन्हा हुंगली. एक पाय काठावर ठेवला.

दादांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. मागे एकदा खाण कोसळली तेव्हाही हा माणूस इतक्या कळकळीने प्रार्थना करत नव्हता, असं नंतर कैन्वेन म्हणायची. मोर्विदच्या हातातली किटली तशीच वाकडी, चहा बशीत, बशीतून टेबलावर.

हबक्कूकाने टोपीवरचा पाय काढला. शेजारच्या ट्रेकडे मान वळवली. हुंगला. वळला. आणि मागे सरत, सरत, सरत, थेट आपल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये कोपऱ्याला टेकला, शेपूट उचलली, आणि रेव्हरंड प्रॉसर यांच्या डोळ्यांत डोळे घालून काम केलं.



"हालेलूया!" दादा ओरडले.

पाळकांनी आधी टोपीकडे पाहिलं, मग जनावराकडे, मग दादांकडे. त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग तो दाराएवढा माणूस असा हसला की हार्मोनियमची एक पट्टी आपोआप वाजली. "नाव काय याचं?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"हबक्कूक."

"तरीच! ‘मी आपल्या पहाऱ्यावर उभा राहीन’ म्हणणारा संदेष्टा तो. दुसरा असता तर टोपीत गेला असता." त्यांनी आपल्या बशीतल्या उकडलेल्या अंड्याचा तुकडा काढून जमिनीवर ठेवला. "घे बाबा. कमावलंस." हबक्कूक नाचत होता, त्यांच्या बुटाला आपटत होता, पुन्हा उठत होता. सगळी हकिकत मग पाळकांनी विचारून घेतली: न धुतलेला ट्रे, खुर्ची, डोंगर चढलेल्या दोन बायका. मोर्विद लाजत लाजत सांगत होती. ऐकता ऐकता पाळकांचा चहा गार झाला होता.

संध्याकाळची सभा. सियोन वरपर्यंत भरलेलं, सज्जातही जागा नाही. तिथल्या जुन्या पाळकांची एक रीत आहे, आणि ती ज्याने ऐकली तो जन्मभर विसरत नाही. प्रवचन बोलत बोलत सुरू होतं. मग मन भरून आलं की आवाज वर चढतो, शब्दांना सूर लागतात, आणि बोलणारा गायला लागतो. गाणं ठरवलेलं नसतं, चाल पाठ केलेली नसते. वारा शिडात भरावा तसा सूर भरतो आणि सगळं चॅपल गलबतासारखं हलू लागतं. आपल्याकडे कीर्तनकारांचा आवाज अभंगात शिरतो तेव्हा टाळकऱ्यांच्या अंगावर जो काटा येतो ना, तोच हा.

प्रॉसर त्या संध्याकाळी घराबद्दल बोलले. देव राजवाडा बांधतो आणि झाडूवाला नेमतो असं आपल्याला वाटतं, ते म्हणाले. पण त्याच्या घरात कोपरे आहेत. आणि मग सूर लागला. "कोपरा आहे," ते गायले, "खोकणाऱ्याला कोपरा आहे, उशिरा येणाऱ्याला कोपरा आहे, नावाने न ओळखल्या जाणाऱ्याला कोपरा आहे. त्याच्या घरात तुझा वास पुसला जात नाही! या, बसा, तुमच्या अंगाचा वास घेऊन बसा!" बायकांनी खालून सूर धरला, पुरुषांनी वरून. ज्यांना काहीच माहीत नव्हतं तेही रडत होते आणि ज्यांना माहीत होतं ते रडता रडता हसत होते. कैन्वेनने मोर्विदला कोपर मारलं. "तुझा ट्रे गातोय गं तो," ती म्हणाली. दादा डोळे मिटून बसले होते, तळवे गुडघ्यांवर उघडे. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

सभा सुटली. लोक एकमेकांचे हात धरून बाहेर आले, अजून गुणगुणत. चॅपलच्या खाली रस्ता फुटतो: डावीकडे चढ, वरच्या आळीला, उजवीकडे उतार, मोर्विदच्या ओळीला. दोघं फाट्याशी आले आणि मोर्विदची पावलं मंदावली. सभा संपल्या होत्या. शब्द इथपर्यंतचाच होता. ती विचारायला धजेना. ती उभी राहिली, दादांचा हात आपल्या हातात तसाच धरून.

दादांनी चढाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उजवीकडे वळले, तिचा हात ओढला गेला.

"थांबलीस काय?" ते म्हणाले. "चल लवकर. हबक्कूक उठला असेल."

इल्टिड त्यानंतर पुष्कळ हिवाळे त्या खुर्चीत बसले, आणि आता सियोनच्या मागच्या उतारावर निजले आहेत. माझं एकच मागणं आहे. दिवेलागणीला देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा एक नाव त्यांचंही घ्या.